काळजी करणे आणि काळजी घेणे

'चिंता करू नका' हा उपदेश जगात जितका स्वस्त आहे तितकाच निरुपयोगी आहे. ज्यास तो करण्यात येतो त्याची चिंता त्याने तिळमात्र कमी होत नाही. उलट चिंता करणे हाही आपला एक दोषच आहे असे कळून आल्यामुळे त्या बिचाऱ्यास आणखी एक चिंता मात्र जडते. मुलाची परीक्षा होऊन गेली आहे, उत्तरपत्रिका परीक्षकांच्या हाती पडल्या आहेत आणि निकालास अद्याप महिनाभर अवकाश आहे, अशा वेळी घरातील वडील मंडळींची जी अवस्था होते ती आमच्या वाचकांस स्वानुभवाने ठाऊक असेल. आईच्या डोळ्यास डोळा लागत नाही. वडील अपेक्षित गुणांची बेरीज दहा वेळा करून पाहतात. त्या बेरजेने एक गुणही वाढावयाचा नाही, हे दोघांसही पक्के ठाऊक असते. म्हणजे येथे उणीव ज्ञानाची नाही. मग कळत असूनही मन वळत का नाही, आणि ते वळावे असा काही मार्ग आहे काय, या प्रश्नाचा थोडा विचार करण्याचे आम्ही येथे योजिले आहे.

आमच्या मराठी भाषेने या प्रश्नाचे अर्धे उत्तर फार पूर्वीच देऊन ठेविले आहे. 'काळजी' हा शब्द एकच. पण त्यास 'करणे' हे क्रियापद जोडले म्हणजे एक अर्थ होतो आणि 'घेणे' जोडले म्हणजे अगदी निराळा. आजाऱ्याची काळजी करणारा मनुष्य उशाशी बसून उसासे टाकतो; काळजी घेणारा औषधाची वेळ चुकू देत नाही, पाणी उकळून ठेवितो आणि डॉक्टरांस विचारावयाचे प्रश्न कागदाच्या चिटोऱ्यावर टिपून घेतो. एकाचे मन उद्याच्या भीतीत गुंतलेले असते, दुसऱ्याचे हात आजच्या कामात. गंमत अशी की, पुष्कळ घरांत पहिल्यासच अधिक प्रेमळ समजण्यात येते. जो रात्रभर तळमळला तो मायाळू, आणि जो आपले काम उरकून स्वस्थ झोपला तो कठोर, असा आपला एक समज झालेला आहे. काळजी करणे हा प्रेमाचा पुरावा मानला गेल्यामुळेच ती सोडून देणे आपणांस जड जाते. सोडली तर प्रेमच आटले असे कोणी म्हणेल, किंबहुना आपले आपणांसच वाटेल, ही धास्ती असते. मन न वळण्याचे एक मोठे कारण येथे आहे, असे आम्हांस वाटते.

हाच भेद ज्याने आपल्या सर्व शिकवणुकीचा पाया केला तो पुरुष जन्माने गुलाम होता. एपिक्टेटस हा इसवी सनाच्या ५० च्या सुमारास फ्रिजिया प्रांतातील हायरापोलिस येथे जन्मला. तो रोमला एका धनिकाच्या पदरी गुलाम म्हणून राहिला. पायाने तो अधू होता. पुढे त्यास स्वातंत्र्य मिळाले व तो तत्त्वज्ञान शिकवू लागला; पण डोमिशियन बादशहाने तत्त्ववेत्त्यांस रोममधून हद्दपार केले, तेव्हा ग्रीसमधील निकोपोलिस येथे जाऊन त्याने आपली शाळा थाटली. स्वतः त्याने एक ओळही लिहून ठेविली नाही. त्याचा शिष्य अ‍ॅरियन याने जी टिपणे केली त्यांवरूनच आज आपण त्यास ओळखतो. त्यांतील सारांशरूप छोट्या पुस्तकाच्या ग्रीक नावाचा अर्थच मुळी 'हाताशी असावयाची वस्तू' असा आहे. आणि त्याचा आरंभही हातातले काय व हाताबाहेरचे काय या विभागणीनेच होतो. आपली मते, आपल्या इच्छा, आपले निश्चय व आपला तिटकारा ही आपल्या स्वाधीन. शरीर, संपत्ती, लौकिक आणि अधिकार ही नव्हेत. दुसऱ्या वर्गातील वस्तूंवर जो आपले सुख टांगून ठेवील तो जन्मभर परक्यांचा मिंधा राहील, असे तो बजावितो. ज्याचे शरीर खरोखरीच दुसऱ्याच्या मालकीचे होते त्याने ही विभागणी करावी, यात विशेष अर्थ आहे. पुढे त्याच शिकवणीचा आधार रोमच्या मार्कस ऑरेलियस बादशहाने घेतला. इ. स. १६१ ते १८० या त्याच्या कारकिर्दीत सरहद्दीवर युद्धे आणि राज्यात रोगाची साथ होती. आपल्या खाजगी टिपणांत, एपिक्टेटसचे विचार आपल्या हाती दिल्याबद्दल तो आपल्या एका गुरूचे आभार मानतो. गुलामास जे औषध लागू पडले तेच सम्राटासही घ्यावे लागले, यावरून हा रोग केवळ दरिद्री किंवा दुबळ्या मनुष्याचा नव्हे एवढे तरी सिद्ध होते.

तथापि हे दोन कप्पे जसेच्या तसे उचलले तर व्यवहारात ते पुरे पडत नाहीत. परीक्षेचेच उदाहरण घेऊ. अभ्यास करणे विद्यार्थ्याच्या हाती आहे, कोणते प्रश्न यावेत हे त्याच्या हाती नाही, पण गुण? ते धड त्याच्या हातीही नाहीत आणि धड हाताबाहेरही नाहीत. संसारातील बहुतेक महत्त्वाच्या गोष्टी या तिसऱ्या जातीच्या असतात. मुलांचे वळण, स्वतःची प्रकृती, धंद्यातील यश, शेजाऱ्यांशी असलेला स्नेह, या सर्वांत आपला वाटा आहे, पण सत्ता नाही. या अडचणीवर जुन्या तत्त्ववेत्त्यांनी धनुर्धराचा दाखला दिलेला आहे व सिसेरोने तो आपल्या एका ग्रंथात नमूद केला आहे. नेम नीट धरणे, प्रत्यंचा योग्य तितकी ताणणे, श्वास आवरून बाण सोडणे हे धनुर्धराचे काम. बाण सुटल्यावर वाऱ्याची झुळूक आली किंवा लक्ष्यच हलले, तर त्यात त्याच्या कौशल्यास उणेपणा नाही. मात्र या दाखल्याचा उलटा अर्थ कोणी करू नये. लक्ष्याकडे न पाहता बाण सोडणारा मनुष्य निःस्पृह नव्हे. तो निव्वळ निष्काळजी होय.

गीतेतील कर्मफलाविषयीच्या उपदेशाचे आमच्या समाजात नेमके हेच झाले आहे. फळावर आपला अधिकार नाही, एवढे अर्धे वाक्य आम्ही घट्ट धरून ठेविले, आणि कर्मावर आहे हे उरलेले अर्धे सोयीस्करपणे विसरलो. कामात कसूर झाली की प्रारब्धाकडे बोट दाखवावयाचे आणि काम फळास आले की छाती फुगवावयाची, असा हा दुटप्पी हिशेब आहे. वस्तुतः फळाची तळमळ सोडण्यास जो सांगतो तो कामाची उत्कटता वाढविण्यास सांगत असतो. कारण तळमळीत जे बळ वाया जात होते ते मोकळे होऊन कामाकडे वळावे, हाच त्यातील हेतू.

हे केवळ शब्दांचे खेळ नव्हेत, याची साक्ष महाराष्ट्राने जवळून पाहिलेली आहे. २२ जुलै १९०८ रोजी रात्री लोकमान्य टिळकांस सहा वर्षांच्या हद्दपारीची शिक्षा झाली. दुसऱ्या दिवशी त्यांस बावन्न वर्षे पूर्ण व्हावयाची होती. शरीरास मधुमेह जडलेला होता. ब्रह्मदेशातील मंडालेच्या तुरुंगात त्यांच्या हाती काय उरले होते याचा हिशेब आम्ही मनाशी करून पाहतो. घर हाती नाही, वर्तमानपत्र हाती नाही, मित्रांशी भाषण नाही, राजकारण नाही. वह्या मिळत त्याही पाने मोजून, आकडे घालून दिलेल्या. लिहावयास शाई नव्हे, तर पेन्सिल. असल्या त्या खोलीत १९१० - ११ च्या हिवाळ्यात, काही महिन्यांच्या अवधीत, त्यांनी 'गीतारहस्य' लिहून काढिले. पाली, जर्मन व फ्रेंच या भाषांचा अभ्यास केला तोही तेथेच. ज्या ठिकाणी कर्म करण्यास जागाच ठेवलेली नव्हती तेथे बसून त्यांनी कर्मयोगाचा ग्रंथ लिहावा, यापेक्षा आमच्या विषयास अधिक समर्पक उदाहरण आम्हांस तरी आठवत नाही. तुरुंगाची भिंत हाती नव्हती, पेन्सिल होती.

परंतु याच उदाहरणाची दुसरी बाजू बहुधा सांगितली जात नाही. तुरुंगाची भिंत हाताबाहेरची आहे असे टिळकांनी मानले; परंतु देशाचे पारतंत्र्य हाताबाहेरचे आहे असे त्यांनी कधीच मानले नाही. जून १९१४ मध्ये ते सुटून आले, आणि १९१६ साली त्यांनी होमरूल लीगची स्थापना केली. म्हणजे हातातले व हाताबाहेरचे यांमधील रेषा ही एखाद्या शेताच्या बांधासारखी कायमची घातलेली नसते. ती काळाप्रमाणे, ज्ञानाप्रमाणे आणि संघशक्तीप्रमाणे सरकत असते. एकट्याच्या हाताबाहेरचे असते ते शंभरांच्या हाती येते. आज हाताबाहेर असते ते दहा वर्षांनी हाती येते. जो हा भेद विसरला त्याच्या हातून शांतीच्या नावाखाली मोठे पाप घडण्याचा संभव आहे.

ते कसे, याचे एक दारुण उदाहरण वैद्यकाच्या इतिहासात आहे. व्हिएन्ना येथील मोठ्या रुग्णालयातील प्रसूतिगृहाचे दोन विभाग होते. एकात डॉक्टर व विद्यार्थी काम करीत, दुसऱ्यात सुइणी. पहिल्या विभागात बाळंतज्वराने मरणाऱ्या स्त्रियांची संख्या दुसऱ्याहून पुष्कळच अधिक असे. हवेतील काही अदृश्य दोषामुळे हा रोग पसरतो, त्यास मनुष्याचा इलाज नाही, असे त्या वेळच्या पुष्कळ विद्वानांचे मत होते. इग्नाझ सेमेलवाइस या तरुण डॉक्टरास मात्र ते पटेना. शवविच्छेदन करून तसेच प्रसूतिगृहात येणाऱ्यांच्या हातांवाटे हे विष जाते, असा तर्क बांधून त्याने मे १८४७ मध्ये क्लोरीनयुक्त चुन्याच्या पाण्याने हात धुण्याचा नियम घातला. एप्रिल महिन्यात शेकडा सुमारे १८ स्त्रिया दगावल्या होत्या. जूनमध्ये ते प्रमाण शेकडा सुमारे २ वर आले. 'हे आमच्या हाती नाही' असे जे म्हणत होते त्यांच्या हातांवरच ते मरण बसलेले होते! भाषेची याहून क्रूर थट्टा क्वचितच झाली असेल. सेमेलवाइसचे म्हणणे त्याच्या हयातीत बहुतेकांनी मानले नाही, आणि १८६५ साली वेड्यांच्या इस्पितळात त्याचा अंत झाला. हात धुणे त्याच्या स्वाधीन होते. जगाची मान्यता नव्हती. तरी आज प्रत्येक शस्त्रवैद्य हात धुतो.

म्हणून आमचे असे म्हणणे आहे की, 'हे माझ्या हाती नाही' हे वाक्य उच्चारण्यापूर्वी मनुष्याने स्वतःस दोन प्रश्न विचारावेत. पहिला, हे खरोखरीच हाती नाही, की हाती घेणे मला गैरसोयीचे आहे? दुसरा, हे माझ्या एकट्याच्या हाती नसेल, तर आणखी कोणाच्या हातांची जोड मिळाल्यास ते येईल काय? या दोन प्रश्नांतून जे गाळून उरेल तेवढेच खुशाल सोडून द्यावे. पावसाचे येणे न येणे सोडून द्यावे. पण गावच्या तळ्यातील गाळ सोडून देऊ नये.

आता या विषयाचा जो भाग आम्हांस सर्वांत महत्त्वाचा वाटतो त्याकडे वळू. 'आपल्या हाती आहे तेवढ्यावर लक्ष द्या' हा उपदेश करणारे बहुधा असे लोक असतात की, ज्यांच्या हाती पुष्कळ असते. आणि तो ऐकणारे बहुधा असे की, ज्यांच्या हाती फार थोडे असते. हा फरक किती खोल जातो याचा पुरावा आता शास्त्रानेही दिलेला आहे. मोठ्या अधिकाऱ्यांच्या डोक्यावर जबाबदारीचे ओझे असते, म्हणून हृदयविकार हा त्यांचाच रोग, अशी लोकांची समजूत असे. लंडनमधील सरकारी नोकरांची १९६७ पासून जी पाहणी झाली तीत उलटच दिसून आले. खालच्या दर्जाच्या नोकरांत त्या रोगाने मृत्यू अधिक होते. १९८५ साली सुरू झालेल्या दुसऱ्या पाहणीत दहा हजारांवर नोकर होते. आपले काम कसे व केव्हा करावे हे ठरविण्याची मुभा ज्यांस कमी, त्यांच्यात हृदयविकार अधिक, असे तीत आढळले. म्हणजे कामाच्या ओझ्याइतकेच, किंबहुना त्याहूनही, त्या कामात आपली काही सत्ता नसणे हे मनुष्याच्या जिवावर उठते.

याहून सूक्ष्म गोष्ट सेलिगमन व मायर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांच्या प्रयोगांतून निघाली. १९६७ साली त्यांनी असे दाखविले की, ज्या कुत्र्यांस विजेचे असे धक्के दिले होते की ते टाळणे त्यांच्या हाती नव्हते, त्यांपैकी पुष्कळ कुत्री पुढे सुटकेचा मार्ग खुला असताही जागची हालत ना. हतबलता ही शिकली जाते, असा सिद्धांत यावरून मांडण्यात आला व तो फार प्रसिद्धी पावला. परंतु २०१६ साली त्याच दोघांनी आपला सिद्धांत स्वतःच उलटा केला. मेंदूच्या नव्या अभ्यासावरून त्यांस असे दिसले की, दीर्घ संकटात निश्चेष्ट होणे हाच प्राण्याचा मूळ स्वभाव आहे. शिकावे लागते ते हतबल होणे नव्हे, तर आपल्या हाती काही आहे हे. पन्नास वर्षे ज्याच्यावर आपली कीर्ती उभी राहिली ते मत सोडण्याचा प्रामाणिकपणा तर स्तुत्य आहेच. पण त्यातून निघणारा बोध आमच्या घरांसाठी अधिक मोलाचा आहे. आपल्या हाती काही आहे हा विश्वास उपदेशाने येत नाही. खरोखरीच काही हाती दिल्याने येतो.

आमच्या घरांत आम्ही काय करितो? आजोबा थकले, म्हणून प्रेमाने आम्ही त्यांच्या हातचे एकेक काम काढून घेतो. भाजी त्यांनी आणावयाची नाही, पैशांचा हिशेब त्यांनी पाहावयाचा नाही, जेवणाची वेळसुद्धा आम्हीच ठरवावयाची. १९७६ साली अमेरिकेतील एका वृद्धाश्रमात एक साधा प्रयोग झाला होता. काही वृद्धांस आपल्या दिनक्रमातील बारीकसारीक गोष्टी स्वतः ठरवू दिल्या व सांभाळावयास एक रोपटे दिले. इतरांसही रोपटे मिळाले, पण त्यास पाणी घालण्याचे काम सेवकांकडे ठेविले. काही आठवड्यांतच पहिल्या मंडळींत अधिक उत्साह व टवटवी दिसून आली. प्रयोग लहान होता आणि त्यावर मोठी इमारत रचू नये. पण त्यातील रोपटे प्रत्येक घराने आपल्या गॅलरीत आणून ठेवण्यासारखे आहे. जे आजोबांविषयी तेच सुनेविषयी, तेच सोळा वर्षांच्या मुलाविषयी, तेच कचेरीतील कनिष्ठ कारकुनाविषयी. ज्यांच्या आयुष्याचे निर्णय आपण घेतो त्यांस 'तुम्ही उगीच चिंता करिता' असे म्हणण्याचा अधिकार आपणांस नाही. त्यांची चिंता कमी करावयाची असेल तर त्यांच्या हाती काही सत्ता द्यावी; आणि ते देणे तर निःसंशय आपल्या हाती आहे.

इतके म्हटल्यावरही एक गोष्ट उरते व ती लपविणे अप्रामाणिकपणाचे होईल. जून १९१२ मध्ये पुण्यास टिळकांच्या पत्नी सत्यभामाबाई वारल्या. ती वार्ता त्यांस मंडालेस तारेने समजली. आता त्या ठिकाणी हातातले काय आणि हाताबाहेरचे काय? एपिक्टेटस तर असे शिकवितो की, आपल्या मुलाचे चुंबन घेतानाही ते मर्त्य आहे हे मनात म्हणावे, म्हणजे पुढे दुःख होणार नाही. येथे मात्र आम्ही त्याची संगत सोडतो. प्रेम करणे म्हणजेच आपल्या सुखाचा काही भाग दुसऱ्याच्या, म्हणजे आपल्या हाताबाहेरच्या, जिवावर ठेवणे होय. ज्यास काहीच हातचे जाऊ द्यावयाचे नाही त्याने कोणावर जीव लावू नये. पण असा मनुष्य शांत असला तरी त्याची शांती ओसाड वाड्याच्या शांतीसारखी असेल. मनःशांती ही थोर वस्तू आहे, पण ती सर्वांत थोर नव्हे. काही दुःखे आपण जाणूनबुजून पत्करलेल्या प्रेमाची किंमत असतात, आणि ती चुकती करण्यातच मनुष्यपण आहे.

मग या सर्व विवेचनाने निकालाची वाट पाहणाऱ्या त्या आईबापांस काय लाभ? आमच्या अल्प समजुतीप्रमाणे लाभ असा. त्यांची तळमळ सर्वस्वी जाणार नाही आणि ती जावी अशी इच्छाही त्यांनी धरू नये, कारण तिच्या तळाशी प्रेम आहे. परंतु गुणांची बेरीज अकराव्यांदा करण्यास वडील बसतील तेव्हा, या घटकेस आपल्या हाती काय आहे, असे त्यांनी स्वतःस विचारून पाहावे. उत्तर बहुधा पलीकडच्याच खोलीत असेल. तेथे तो मुलगाही जागाच असतो. निकालापेक्षा वडिलांच्या चेहऱ्याचीच त्यास अधिक भीती वाटत असते. परीक्षकाच्या हातातील उत्तरपत्रिका कोणासही परत आणिता येणार नाही. पण उठून त्या खोलीत जाणे, त्याच्या पाठीवर हात ठेवणे आणि निकाल काहीही लागो, या घरातील तुझी जागा तीच राहील, असे त्यास सांगणे, हे आजच, या घटकेस करता येण्याजोगे आहे. काळजी करणे सोडून काळजी घेणे ते हेच.